सात प्रश्नचिन्हं

जावयाच्या कार्डावर ‘संगणक तज्ञ’ असं छापलं होतं. चार वर्षांपूर्वी पहिल्या भेटीत त्यानं ते कार्ड दोन बोटांत धरून पुढे केलं, तेव्हा प्रूफबाईंचा हात आपसूक पर्समधल्या लाल पेनाकडे गेला होता. ‘तज्ज्ञ’ या शब्दात ज्ञच्या आधी एक अर्धा ज लागतो. तो अर्धा ज या माणसानं गिळला होता आणि वर पाणीही प्यायला नव्हता. पण समोर बसलेली लेक डोळ्यांनीच विनवत होती, म्हणून बाईंनी पेन सोडलं आणि रुमाल बाहेर काढला. तेव्हापासून त्या मनातल्या मनात त्याला तज्ञच म्हणत. एका जनं कमी.

प्रूफबाई हे त्यांचं छापखान्यातलं नाव. सव्वीस वर्षं त्या घरी बसून छापखान्याची प्रूफं तपासत होत्या. लोकांच्या पुस्तकांतले ऱ्हस्व-दीर्घ सरळ करायचे, सुटलेले अनुस्वार द्यायचे, मागची सूची करून द्यायची. शे-सव्वाशे पुस्तकं हाताखालून गेली असतील. एकाही पुस्तकात त्यांचं नाव नव्हतं. मॅनेजरच्या फोनमध्येसुद्धा त्या ‘प्रूफ बाई’ होत्या, आणि तेही दोन शब्दांत तोडलेल्या.

या वेळी मात्र नाव यायचं होतं. पुस्तक होतं मातीवरचं, सव्वासहाशे पानांचं. लेखक त्र्याऐंशी वर्षांचे निवृत्त प्राध्यापक. सगळे त्यांना माती-मास्तर म्हणत आणि त्यांना ते आवडे. मास्तरांची अट एकच होती: सूची आपल्या वर्णमालेप्रमाणे हवी. ह नंतर ळ, मग क्ष, मग ज्ञ. “शाळेत तुम्ही क्ष कुठे म्हणत होतात? शेवटी ना? मग माझा क्षारही शेवटी,” असं त्यांनी फोनवर सांगून ठेवलं होतं. आता संगणकाला कुठली आलीय शाळा. तो क्षार उचलतो आणि कच्या घरात पोटभाडेकरू म्हणून कोंबतो. मशागतीच्या आधी मळी आणून बसवतो आणि वर निर्लज्जासारखं ‘क्रम लावला’ असं सांगतो.

म्हणून बाईंनी स्वतःच प्रोग्रॅम लिहिला होता. संगणकाला कामं सांगायची एक भाषा असते, ती त्या दोन वर्षं शिकत होत्या. शिकवायला कोणी नव्हतं. ग्रंथालयातलं एक जाडजूड पुस्तक, मोबाइलवरचे व्हिडिओ आणि जुन्या प्रूफांच्या पाठकोऱ्या कागदांवर केलेली टिपणं, एवढ्यावर भागवलं. शब्द आणि पानांचे क्रमांक दिले की हा प्रोग्रॅम हव्या त्या क्रमानं सूची लावून द्यायचा. मॅनेजर आधी हसला. मग नमुना बघून म्हणाला, “बाई, अख्खी सूची अशी दिलीत तर श्रेयपानावर सूचीकार म्हणून नाव घालतो तुमचं.” बाई तेव्हा ‘बरं’ म्हणाल्या. फोन ठेवल्यावर त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन एकदा उगाचच ओटा पुसला.

आणि नेमका मागच्या आठवड्यात जुना संगणक गचकला.

जावयानं पाच मिनिटांत निकाल दिला. “बेसिकली, सासूबाई, हा डबा आहे.” बाईंना तो डबा दुरुस्त करून हवा होता, एक पंखाच तर अडकला होता. पण शनिवारी त्या भाजी आणायला गेल्या आणि येऊन बघतात तर टेबलावर डब्याच्या आकाराची स्वच्छ चौकट उरली होती, चारी बाजूंना धूळ. डबा भंगारात गेला होता. रविवारी जावयानं नवाकोरा लॅपटॉप आणून, सगळं आत घालून, झाकण उघडून समोर ठेवला. पडद्यावर मोठ्या, देखण्या अक्षरांत लिहिलं होतं: सासूबाई.

“आता तुम्हाला काही म्हणजे काही करायला नको,” तो म्हणाला.

बाईंनी हसून मान डोलावली. जावयापुढे सासूला हसावंच लागतं. सूचीचे शब्द आणि प्रोग्रॅम त्यांनी आधीच पेनड्राइव्हवर काढून ठेवले होते, ते काही माणसांच्या उत्साहाचा अंदाज होता म्हणूनच. फक्त त्या नव्या लॅपटॉपवर ती भाषा नव्हती. ती उतरवून घ्यायची, बसवायची, की काम सुरू. दहा मिनिटांचा मामला.

मंगळवारी सकाळी मॅनेजरचा फोन आला. मास्तरांनी ऐनवेळी दोन चित्रं वाढवली होती, त्यामुळे पान एकशे चाळीसनंतर सगळे क्रमांक सरकले होते. दोन हजार एकशे चाळीस शब्दांची सूची नव्यानं लावायची आणि पाच वाजेपर्यंत पाठवायची. पाचला पुस्तक छपाईला चढणार.

“हातानं करायचं तर चार दिवस लागतील,” बाई म्हणाल्या. “प्रोग्रॅमनं एक चहा.”

“मग चहा टाका. आणि नाहीच जमलं तर काळजी करू नका, आमच्या मशीनमध्ये एक बटण आहे. सूची आपोआप.”

“तुमच्या बटणानं क्ष कुठे जातो?”

“जाऊन जाऊन जाईल कुठे? पुस्तकातच राहील.”

“आणि सूचीकार म्हणून कोणाचं नाव घालणार? बटणाचं?”

“ते मग राहू दे,” मॅनेजर म्हणाला. “बटण काही रागवत नाही.”

दहा वाजता बाईंनी भाषेचं सेटअप सुरू केलं. हिरवी पट्टी सरकत सरकत निम्म्यापर्यंत आली, जरा विचारात पडल्यासारखी थांबली आणि नाहीशी झाली. जागेवर एक चौकट: सेटअप अयशस्वी. खाली इंग्रजीत मुंगीएवढ्या अक्षरांच्या दोन ओळी. बाई चष्मा पुसून त्या ओळी वाचायला वाकल्या, तेवढ्यात मागून हात आला आणि चौकट बंद झाली.

“द्या इकडे,” तज्ञ म्हणाले.

जावई आज रजेवर होता. लेकीचं कसलंसं काम होतं म्हणून दोघं सकाळीच आली होती. जावई येणार असं कळलं की बाईंच्या यजमानांना हमखास एखाद्या आजारी मित्राची आठवण होई. ते नऊलाच छत्री घेऊन बाहेर पडले होते. बाईंकडे छत्रीही नव्हती आणि आजारी मैत्रीणही.

“वाचायचं होतं मला ते,” बाई म्हणाल्या.

“ते वाचायचं नसतं, सासूबाई. बेसिकली ते फक्त ओके म्हणण्यासाठी असतं.”

सव्वीस वर्षं जे कोणी वाचत नाही ते वाचून पोट भरलेल्या बाईला हे सांगितलं गेलं. त्यांनी शेजारी खुर्ची ओढली आणि पाठकोऱ्या कागदावर वेळ टाकली: दहा वाजून सात मिनिटं.

त्यानं लॅपटॉप बंद करून चालू केला. सेटअप पुन्हा निम्म्यावर पडलं. त्यानं तीच फाइल पुन्हा उतरवली. पुन्हा निम्म्यावर. मग आणखी एकदा उतरवली, या वेळी खिडकीजवळ जाऊन, जणू भाषेला उजेड कमी पडत होता. मग त्यानं अँटिव्हायरस बंद केला. एक जुनी आवृत्ती आणली. माऊसचं उजवं बटण दाबून त्यातून कुठलीतरी मोठी परवानगी दिली आणि बाईंकडे बघून भुवया उडवल्या, म्हणजे आता बघाच. पट्टी निम्म्यापर्यंत आली. बाईंना एव्हाना ती पट्टी माहेरची वाटू लागली होती. इमानदारीनं दर खेपेला एकाच ठिकाणी थांबत होती, एकाच कारणासाठी. कारण काय ते ती दर वेळी लिहूनही देत होती, आणि हा गृहस्थ दर वेळी ते न वाचता मिटवत होता.

“पेनड्राइव्हमध्ये व्हायरस असेल,” तो म्हणाला.

“पेनड्राइव्ह अजून लावलाच नाही.”

“तुमच्याकडचं वायरिंग जुनं आहे.”

“लॅपटॉप बॅटरीवर चाललाय ना?”

“बेसिकली ही भाषाच आता आउटडेटेड झालीये.”

बाईंनी कागदावर बेसिकलीच्या रांगेत आणखी एक उभी रेघ मारली. सोळा.

“मी काय म्हणते, जावईबापू. त्या चौकटीत शेवटी एक दुवा दिसला मला. लॉग की काय. त्यात काय काय झालं ते सगळं लिहून ठेवलेलं असतं म्हणे. तेवढं बघू या का?”

तो हसला. लहान मुलानं विमान कोण ढकलतं असं विचारलं की जसं हसतात तसं. “लॉग आम्हीसुद्धा वाचत नाही, सासूबाई. आम्ही सरळ सोल्युशनवर जातो.”

स्वयंपाकघराच्या दारातून लेक आईकडे बघत होती. चार वर्षांपूर्वीचेच डोळे. बाई उठल्या आणि आत गेल्या.

“आई, त्याला काही बोलू नकोस,” लेक हळू आवाजात म्हणाली.

“मी कुठे काय बोलतेय. मी पट्टी बघतेय.”

“तू बोलत नाहीस. तू बघतेस. ते जास्त लागतं.”

“मग काय डोळे मिटू? अगं, पाच वाजता पुस्तक जाणार. माझी सूची गेली नाही तर ते बटण दाबतील, क्षार कच्या मागे, मळी मशागतीच्या पुढे. मास्तर हाय खातील. आणि माझं नाव—” बाई थांबल्या. गॅस उगाचच बारीक केला. “मास्तर हाय खातील,” त्या पुन्हा म्हणाल्या.

लेक म्हणाली, “त्याला वाईट वाटतंय गं. शनिवारी अर्धा दिवस बसला होता लॅपटॉप तयार करत. तुझं नाव आपल्या लिपीतच यायला हवं म्हणून हटून बसला. कीबोर्ड लागत नव्हता, मला चारदा फोन केला, ‘ऊकार कुठेय, ऊकार कुठेय.’ म्हणाला, आईंना इंग्रजीत नाव बघून परकं वाटेल.”

“माझं नाव?”

“म्हणजे... सासूबाई.”

“हं,” बाई म्हणाल्या.

जेवायच्या वेळेपर्यंत बेसिकली बावीस झाले होते आणि पट्टी एक इंचही पुढे सरकली नव्हती. पानावरून उठता उठता जावयानं निकाल सुनावला. “फॉरमॅट. दुसरा इलाज नाही. सगळं पुसून पहिल्यापासून घालतो. तीन-चार तास.”

“आत्ता एक वाजलाय,” बाई म्हणाल्या. “पाचला पाठवायचंय.”

“मग त्यांना सांगा उद्या देतो. एवढं काय त्यात? सूचीच तर आहे. सूची वाचतं कोण?”

त्याला काही वाईट म्हणायचं नव्हतं, हे बाईंना कळत होतं. तीच तर खरी गोम. वाईट म्हणायचं असतं तर दोन शब्द सुनावता आले असते. हा आपला पोट भरलेल्या माणसाच्या सद्भावनेनं बोलत होता. “अर्धा तास पाठ टेकतो आणि मग बसतोच,” असं म्हणून तो बाहेरच्या खोलीत सोफ्यावर आडवा झाला, आणि डोकं टेकायच्या आत घोरायला लागला. बाईंना हे एक त्याचं कौतुक वाटे. यातलं सेटअप कधी निम्म्यावर पडत नसे.

त्यांनी आतलं दार लोटलं, लॅपटॉप पुढे ओढला आणि सेटअप सुरू केलं. हिरवी पट्टी आली, निम्म्यावर थांबली, गेली. चौकट उघडली. या वेळी मागून हात आला नाही.

बाईंनी चष्मा पुसला आणि लॉग उघडला.

चारशे ओळी होत्या. बहुतेक इंग्रजीत, उरलेल्या कुठल्याच भाषेत नसलेल्या. पण बाईंना सगळं समजायची गरज नव्हती. न समजणाऱ्या मजकुरातली चूक ओळखणं हा तर त्यांचा धंदा. रसायनशास्त्राची तीन पुस्तकं त्यांनी अशीच तपासली होती. मजकुराला एक चाल असते, आणि जिथे चूक असते तिथे तो ठेचकाळतो. त्या पडद्यावर फूटपट्टी धरून ओळ ओळ खाली येत गेल्या. हे सापडलं, ते उघडलं, हे ठेवलं. सापडलं, उघडलं, ठेवलं. आणि तीनशे बाराव्या ओळीला ठेच: फोल्डर सापडलं नाही.

कुठलं फोल्डर, तेही लिहिलं होतं. सी ड्राइव्ह, त्यात यूजर्स म्हणजे वापरणाऱ्यांची जागा, त्यात एक फोल्डर, आणि त्याच्या पोटात तात्पुरत्या फाइलींची जागा. त्या मधल्या फोल्डरचं नाव मात्र दिसत नव्हतं. नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं होती, एकामागोमाग एक.

तज्ञ म्हणाले असते, करप्ट झालंय. बाईंनी पेनाच्या टोकानं ती मोजली. सात.

फोल्डर उघडून नुसतं नाव बघता आलं असतं. पण सव्वीस वर्षांची सवय. बाईंना मूळ प्रतीकडे जायच्या आधी अंदाज बांधायला आवडे. सात खुणांचं नाव कुणाचं? या लॅपटॉपवर राहतं कोण? त्या एकट्याच. आणि त्या कोण, ते तर रविवारपासून दर वेळी पडदा सांगत होता. पण ‘सासूबाई’ची अक्षरं तर चार. सा, सू, बा, ई.

माणसाला चार. बाईंनी पेन खाली ठेवलं. हाच धडा त्या दोन वर्षांपूर्वी तीन आठवडे डोकं फोडून शिकल्या होत्या, सूचीचा क्रम लावताना. यंत्र अक्षरं आपल्यासारखी मोजत नाही. ते काना वेगळा मोजतं, ऊकार वेगळा मोजतं. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर एकेक खूण सुटी करून मांडली. स. काना. स. ऊकार. ब. काना. ई.

सात.

म्हणजे ती सात प्रश्नचिन्हं म्हणजे त्या स्वतःच होत्या.

बाई खुर्चीत मागे टेकल्या आणि तोंडावर पदर दाबून आवाज न करता हसल्या. या सेटअपला इंग्रजी अक्षरांखेरीज दुसरं काही वाचता येत नव्हतं. ते बिचारं पाहुण्यासारखं आत येत होतं, फाइली ठेवायला घरातली खोली विचारत होतं, खोलीच्या दारावर ‘सासूबाई’ अशी पाटी बघत होतं आणि ही कुठली लिपी म्हणून पाय घेत होतं मागे. सासूबाई असं लिहिलेलं बघून मागे फिरणारं हे काही जगातलं पहिलं नसेल. आणि तज्ञ काय करणार होते? चार तास घालून सगळं पुसणार, आणि मग मोठ्या प्रेमानं, ऊकार कुठेय म्हणून बायकोला चार फोन करून, पुन्हा तीच पाटी लावणार.

दीड वाजला होता.

इलाज साधा होता. जुन्या खोलीला हात लावायला नको. शेजारी नवी खोली काढायची आणि दारावर यंत्राला वाचता येईल अशी पाटी लावायची. बाई सेटिंगमध्ये शिरल्या. नवीन वापरकर्ता जोडा. वापरकर्त्याचं नाव?

तिथे त्या अडल्या. त्यांनी इंग्रजीत ‘आई’ लिहिलं आणि खोडलं. ‘प्रूफ’ लिहिलं, तेही खोडलं. मग रिकाम्या चौकोनात लुकलुकणाऱ्या रेघेकडे जरा वेळ बघून त्यांनी आपलं नाव टाइप केलं. बारशाचं. इंग्रजीत पाच अक्षरं. शेवटी एक ए की दोन, यावर क्षणभर घोटाळल्या. शाळेच्या दाखल्यावर एक होता, लग्नाच्या नोंदीत दोन. एकच ठेवला.

नव्या खोलीत त्यांनी सेटअप चालवलं. हिरवी पट्टी निम्म्यापर्यंत आली. पट्टी निम्म्यावर थांबली, सवयीनं थांबल्यासारखी, आणि पुढे सरकली. दोन मिनिटांत भाषा बसली.

पेनड्राइव्ह लावला. नवे पानक्रमांक घातले. हे मात्र हातानं, एकेका प्रकरणाला किती पानं सरकवायची ते तपासत, आणि त्यातच साडेतीन वाजले. मग प्रोग्रॅम चालवला. चहा टाकायलाही वेळ मिळाला नाही. पापणी लवायच्या आत दोन हजार एकशे चाळीस ओळी तयार. बाई सरळ शेवटच्या पानावर गेल्या. ह संपला होता. पुढे क्षरण, क्षार, क्षारता, क्षारपड जमीन, क्षेत्रभेट. आणि सगळ्यांच्या शेवटी ज्ञचा एकुलता एक शब्द, मास्तरांनी खास घातलेला: ज्ञानचाचणी, पान ६११. मागे जाऊन मशागत बघितली. मळी तिच्या मागे होती. बाईंनी तरीही सगळ्या ओळींवरून एकदा डोळा फिरवला, कारण यंत्रावर त्यांचा विश्वास होता पण तेवढा नव्हता. चारला दहा कमी असताना सूची रवाना झाली.

बाहेरच्या खोलीतलं घोरणं थांबलं. जावई डोळे चोळत आत आला. “हं. करू या फॉरमॅट.”

“झालं,” बाई म्हणाल्या. “चाललं.”

तो पडद्याकडे बघत राहिला. दारात लेक येऊन उभी राहिली होती. बाईंच्या जिभेवर सगळं तयार होतं: लॉग, तीनशे बारावी ओळ, सात प्रश्नचिन्हं, आणि ती कोणी ठेवली ते. सकाळपासूनच्या बावीस उभ्या रेघा मांडीवरच्या कागदावर होत्या. पत्त्यांचा एवढा भरलेला हात बाईंच्या वाट्याला चार वर्षांत आला नव्हता.

“अचानक कसं चाललं?” त्यानं विचारलं.

बाईंना तो शनिवारी टेबलाशी बसलेला दिसला. एवढा मोठा माणूस, एका बोटानं ऊकार शोधत. जन्मात या माणसानं एकच गोष्ट नीट वाचून, अक्षर अक्षर तपासून, शुद्ध लिहिली होती, आणि तीच नेमकी आडवी आली होती.

“कोण जाणे,” बाई म्हणाल्या. “चाललं खरं.”

“मी म्हटलं नव्हतं?” तो लेकीकडे वळला. “बेसिकली मी सकाळी जी परवानगी दिली ना, ती आत भिनायला वेळ लागतो. म्हणून तर मी म्हटलं, जरा पडतो.”

तेवीस.

तेवढ्यात मॅनेजरचा फोन आला. सूची मिळाली, शेवटचं पान मास्तरांना लगेच वाचून दाखवलं, ते ज्ञानचाचणीला पोचल्यावर ‘शाबास’ म्हणाले. श्रेयपानाचं शेवटचं प्रूफ पाठवतो, साडेचारपर्यंत बघून द्या. “आणि खाली एका ओळीची जागा उरतेय, बाई. कोणाचे आभार मानायचेत?”

फोन मोठ्या आवाजावर होता. बाई काही बोलायच्या आत जावई म्हणाला, “तसं माझं नाव घालायलाच पाहिजे असं काही नाही.”

लेक आईकडे बघत होती. आता त्या डोळ्यांत विनवणी नव्हती. नुसतीच बघत होती, तू काय करतेस ते.

“घाला,” बाई म्हणाल्या. “संगणक साहाय्य म्हणून घाला. मजकूर तेच पाठवतील.”

त्यानं मोबाइलवरून तिथल्या तिथे पाठवला. नाव, आणि पुढे हुद्दा.

साडेचारच्या आत श्रेयपान आलं. बाईंनी ते छापून घेतलं. पडद्यावर त्या प्रूफ कधीच बघत नसत. सगळ्यात वर मास्तर. मग चित्रकार. मग ‘सूची’ हा शब्द, आणि त्याच्यापुढे त्यांचं स्वतःचं नाव, आपल्या लिपीत, शेवटी एक ए की दोन ही भानगडच नाही. ते त्यांनी तीनदा तपासलं. चूक नव्हती. चौथ्यांदा नुसतंच वाचलं.

आणि त्याच्या बरोब्बर खाली: संगणक साहाय्य, जावयाचं नाव, स्वल्पविराम, संगणक तज्ञ.

लाल पेन हातात होतं. ती ओळ तशीच सोडता आली असती. त्याचा मजकूर, त्याची सही, त्याची चूक. हजार प्रतींत, ग्रंथालयागणिक, जन्मभर एका जनं कमी. बाईंच्या चेहऱ्यावर एक अतिशय वाईट हसू आलं आणि बराच वेळ तिथे राहिलं.

पण ते पान आता त्यांचंही होतं. त्यांनी तज्ञच्या पोटात हंसपदाची खूण केली आणि वर सुटलेला अर्धा ज दिला.

महिन्याभरानं पुस्तक आलं. रविवारी दोघं जेवायला आली, तेव्हा जावयानं ते सोफ्यावर बसून उघडलं. आधी श्रेयपान. तो ते वाचत राहिला, मग पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं. बाई पाण्याचे पेले घेऊन येत होत्या. तो त्यांच्याकडे बघून मान हलवत हसला. समजून घेणाऱ्या माणसाचं हसू.

“सासूबाई, रागावू नका हं. पण एक चूक राहिलीये.”

“कुठे?”

“हे बघा. तज्ञमध्ये एक ज जास्त पडलाय.” त्यानं बोट ठेवलं. “बेसिकली प्रिंटिंग मिस्टेक. चालायचंच. कितीही तपासलं तरी माणसाच्या नजरेतून सुटतंच.”

बाईंनी पेला त्याच्या हाताशी ठेवला, चष्मा नाकावर ओढला आणि वाकून ती ओळ पुरती वाचली. मग तिच्या वरची.

“पडला खरा,” त्या म्हणाल्या. “आता दुसऱ्या आवृत्तीत बघू.”

लेक खिडकीशी पाठमोरी उभी होती. प्रूफबाईंचीच लेक, पहिलीत असल्यापासून पाठकोऱ्या कागदांवर अभ्यास केलेली. ती बाहेर रस्त्याकडे फार लक्ष देऊन बघत होती, आणि तिचे खांदे हलत होते.